सिमेंटच्या आड मुरलेलं पाणी

अमेरिकेतल्या टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम अकरा-बारा इंच पाऊस पडतो. आपल्या माणदेशातसुद्धा याहून जास्त पडत असेल. अशा वाळवंटात दोन शतकं उभी असलेली भिंत आतून ओलीगच्च निघेल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तिथल्या, ॲरिझोना राज्यातल्या सॅन झेवियर देल बाक मिशन या जुन्या चर्चच्या परांचीवर मी ते डोळ्यांनी पाहिलं.

मी जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करते. चुन्याचं काम करणारे तिथले गवंडी ऐकून माहीत होते, त्यांच्या हाताखाली शिकायला गेले होते. त्या दिवशी विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत मारलेला सिमेंटचा गिलावा काढायचा होता. मुख्य गवंडी छिन्नीच्या दांड्याने भिंत ठोकत पुढे सरकत होते. एका जागी आवाज बद्द आला. "इथं सुटलंय," म्हणाले आणि कडेने छिन्नी घातली. हातभर रुंदीचा पापुद्रा एकसंध खाली आला. मागे भाजकी वीट होती, पण तिच्यावर अंगठा दाबला तसा तो आत गेला. वीट ओल्या भुग्यासारखी झाली होती आणि सांध्यांत क्षाराची पांढरी बुरशी चढली होती. परांचीवर कुणी बोलेना. मला तर अक्षरशः रडू आलं.

कारण साधं आहे. सिमेंट कडक, वीट मऊ. ऊन-थंडीत दोघं सारखी हलत नाहीत, म्हणून सिमेंटला केसासारख्या चिरा जातात. पावसाचं पाणी त्या चिरांतून आत शिरतं. बाहेर पडायला मात्र त्याला वाट नसते. ते आतल्या आत मुरतं, क्षार ओढून आणतं आणि विटेचा चुरा करतं. चुन्याच्या गिलाव्यातूनही थोडं पाणी आत जातं, पण उन्हात ते परत निघून जातं. असा गिलावा स्वतः झिजतो, भिंतीला झिजू देत नाही. दर काही वर्षांनी त्याच्यावर हात फिरवावा लागतो, आणि नेमकं तेच टाळायला लोकांनी सिमेंट आणलं.

ही भिंत कुणाच्या कष्टाची आहे, तेही सांगायला हवं. 1692 मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री एउसेबियो किनो ओओधाम या तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावात आले. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं, त्यांच्या जागी फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे पाद्री आले. पाद्री वेल्देर्रेन यांनी एका पशुपालकाकडून सात हजार पेसो कर्जाऊ घेतले आणि 1783 ते 1797 या काळात आजचं चर्च उभं राहिलं. पूर्वेचा मनोरा घुमटाविना अपुराच राहिला. घाम ओओधाम लोकांचा होता. त्याच काळात परक्यांनी आणलेल्या देवी-गोवरासारख्या साथींनी त्यांची गावंच्या गावं ओस पाडली. हे दोन्ही एकदम मनात ठेवल्याशिवाय या चर्चविषयी बोलूच नये, असं मला वाटतं. आजही ते गावाचं चालतं चर्च आहे. 1992 ते 1997 मध्ये आतली चित्रं आणि मूर्ती साफ झाल्या, तेव्हा परदेशी तज्ज्ञांनी गावातल्याच ओओधाम तरुणांना ते काम शिकवलं. या सगळ्या जतनात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

दुपारी आम्ही नवा चुना मळला. त्यात पडतो फड्या निवडुंगाचा रस! आपल्या बांधाबांधावर असतो तोच. मूळचा तो तिकडचाच. त्याची जाड पानं चिरून पाण्यात ठेवली की तार सुटणारा हिरवट चिकटा तयार होतो. तो गाळून चुन्यात घालायचा. चुना थापीला लोण्यासारखा सरकतो, पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या उन्हात तडकत नाही. आमच्याकडे याच कामासाठी गूळ आणि हिरडा घालतात, हे मी सांगितलं. मुख्य गवंड्यांनी काम थांबवून किती गूळ, कधी घालायचा, हिरडा कुटून की भिजवून, सगळं खोदून खोदून विचारलं. उघडी केलेली भिंत मात्र त्यांनी लगेच लिंपू दिली नाही. आधी ती पूर्ण वाळली पाहिजे, मग पातळ थर, एकावर एक. "घाई करायची असती तर सिमेंट होतंच की," ते म्हणाले.

ज्या संताचं नाव या चर्चला आहे त्या फ्रान्सिस झेवियरचा देह आपल्या गोव्यात, जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकात आहे. तिथे उलटं झालं. 1950च्या दशकात तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून जांभा उघडा केला गेला. तो तांबडा दर्शनी भाग आता सगळ्यांच्या डोळ्यांत इतका बसलाय की गिलावा परत करा म्हटलं तर लोक नाराज होतात. पण जांभा सच्छिद्र दगड, आणि गोव्याचा पाऊस शंभर इंचांच्या वर. टूसॉनची ती वीट अंगठ्याखाली दबलेली पाहिल्यापासून माझं मत पक्कं आहे: बॅसिलिकेला चुन्याचा गिलावा परत द्यायला हवा, आणि तो करायला गोव्यातलेच गवंडी तयार करायला हवेत.