थेंब जिरला एकदाचा!

मंडळी, मागच्या वेळी मंजिष्ठाच्या मुळांनी लाल रंगवायला घेतलेला आणि डागडाग उठलेला तो टॉवेल आठवतोय ना? गुन्हेगार सापडला. मंजिष्ठा निर्दोष, रंग धरायला लावलेली तुरटीही निर्दोष. टॉवेलच पाणी पीत नव्हता.

दुकानातला तयार माल, हाताला एकदम मऊसूत. थेंब टाकला तर अळवावरचं पाणी! पहिला संशय खळीवर, म्हणजे सुताला लावतात त्या पिठाळ लेपावर. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पातळ करून सोडलं. खळ असती तर निळाकाळा डाग पडता, पडला नुसता पिवळट. मग धुण्याच्या सोड्यात उकळला, परत उकळला. थेंब वर तसाच. म्हणजे फिनिशिंगला मारलेलं सिलिकॉन सॉफ्टनर, दुसरं काय! ते सोड्याला दाद देत नाही. गिऱ्हाइकानं दुकानात हात फिरवला की मऊ लागावं म्हणून टॉवेलाची तहानच मारायची. अंग पुसायला घेतो की ओ आपण तो!

शेवटी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून, ओळखीच्या काकांच्या कारखान्यातून, ग्रे माल, म्हणजे मागावरून उतरलेला बिनधुतलेला टॉवेल, आणला. "कच्चाय, पाणी पिणार नाही," काकांनी बजावलं. खरंच पीत नाही. कापसाचं मेण आणि पांजणीची, म्हणजे विणण्याआधी ताण्याला लावलेली, खळ, दोन्ही अंगात. पण ही दोन्ही निघतात. आयोडीननं पायाचा ताणा (खालच्या विणीचे उभे धागे) काळाभोर झाला, लूपवर (टॉवेलाच्या वरच्या फाशांवर) जेमतेम रंग. लूपच्या सुताला मागावर ताण कमी, म्हणून खळही कमी. खळ पचवणारं अमायलेज एन्झाइम घालून कोमट पाण्यात भिजवला, मग सोड्यात रटरटवला. पाणी असलं तपकिरी निघालं की बघत बसलो. वाळल्यावर थेंब टाकला. टेकला आणि गेला. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

पुढचं नेहमीचंच: हिरडा, कापडाच्या वजनाच्या 20 टक्के तुरटी, मंजिष्ठा 70 अंशांच्या आत. आरओचे जार मात्र बंद. बोअरच्या जड पाण्यातला तुकडा जास्त लाल आलाय. मंजिष्ठाला कॅल्शियम मानवतं.

आता नॅपकिनांचा सेट करणार होतो, पण लिहितालिहिताच वाटतंय, विणलेल्या मालाची खळ काढत बसण्यापेक्षा पांजणीआधीच्या सुताच्या लडीच रंगवाव्यात. मेण तेवढं काढायचं. विणून द्यायला काका तयार होतील, चहा पाजावा लागेल. लडी उकळताना सूत गुंतू नये म्हणून तुम्ही किती ठिकाणी बांधता? सैल की घट्ट?