धुळाक्षरं

आज आबांना घेऊन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले होते. १८९३ साली वि. ल. भावे यांनी उभी केलेली ही संस्था. आबा खूप दिवसांनी घराबाहेर पडले, आणि रिक्षातच त्यांनी त्यांच्या आजोबांच्या शाळेचा विषय काढला.

शाळा म्हणजे पंतोजींची ओटी. कुठे देवळाचा सभामंडप, कुठे धर्मशाळा. बाक नाहीत, फळा नाही. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर गिरवायचं. पहिलं वाक्य 'श्रीगणेशाय नमः'. आपण कुठल्याही कामाचा 'श्रीगणेशा' करतो, 'धुळाक्षरं गिरवतो', ते इथूनच आलंय! बोलताना कधी लक्षातच आलं नव्हतं. पंतोजींना बरेचदा धान्य मिळायचं, पगार असा नाहीच.

पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इथल्या शिक्षणाबद्दलच्या ब्रिटिशांच्या आदेशानंतर, सरकारी शिक्षण खातं आलं, १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं, म्हणजे गावच्या शाळाही बघणारी स्थानिक मंडळं आली. गावच्या शाळेला अजूनही कुणी कुणी 'बोर्डाची शाळा' म्हणतं.

परत येताना मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसलो. मी अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांबद्दल सहज विचारलं, "आबा, तुम्हाला दिडकी येते अजून?" त्यांनी डोळे मिटले. एक दिडे दीड, दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार... थेट दहापर्यंत, एकदाही न अडखळता. मग पावकी. शेजारच्या बाकावरचे एक काका अडीचकीला त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागले. मी फोनवर रेकॉर्ड केलंय. उद्या निमकी आणि पाऊणकी घ्यायचीय.