मेरिव्हेलची रिकामी पेटी

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचं ग्रॅनाइटचं उघडं माळरान आहे. टॅव्हिस्टॉकहून प्रिन्सटाउनकडे निघालो आणि मेरिव्हेल मागे पडलं की उजवीकडे फोर विंड्सचा वाहनतळ लागतो. आम्ही गाडी तिथेच लावतो आणि पाण्याच्या पाटाच्या कडेने पश्चिमेला चालत येतो. धुकं उतरलं तर परतीलाही हाच पाट धरायचा. माळावर दुसरी भरवशाची खूण नाही.

पाटाच्या दोन्ही अंगांना कांस्ययुगातल्या दगडांच्या दुहेरी ओळी आहेत. उत्तरेची सुमारे 182 मीटर, दक्षिणेची 263. बहुतेक दगड गुडघ्याच्याही खालीच, त्यामुळे भर दुपारी ओळ गवतात हरवते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की सरळ रेघ दिसते.

दक्षिणेच्या ओळीच्या मधोमध एका थडग्याभोवतीचं दगडी कडं आहे. तिथून आणखी दक्षिणेला बघा, जमिनीत बसवलेली, मृतदेह ठेवायची दगडी पेटी दिसेल. इथे तिला किस्ट म्हणतात. चार बाजूंना उभ्या फरश्या, वर झाकणाची शिळा. डार्टमूरवरच्या बहुतेक पेट्या जेमतेम मीटरभर, कारण देह पाय पोटाशी घेऊन ठेवत. ही त्यांच्याहून बरीच मोठी आहे. झाकणाचे मात्र दोन तुकडेच उरलेत. मधली पट्टी 1860च्या सुमारास फाटकाचा खांब करायला कापून नेली. त्या फटीतून आत वाकून बघता येतं. झाकणावर पाय देऊ नका.

आत हाडं नाहीत. ग्रॅनाइटवरची आम्लधर्मी माती हाडं खाऊन टाकते. 1895च्या उत्खननात चकमकीची तासणी मिळाली, पण माणसाचं काही नाही. त्या माणसाजवळ काय काय असेल, ते बघायला प्लिमथच्या 'द बॉक्स' संग्रहालयात जाच. तिथल्या वस्तू याच माळाच्या उत्तर भागातल्या, व्हाइटहॉर्स हिलवरच्या पेटीतल्या आहेत. ती पेटी पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, गाडलेली होती. पाण्याने भिजलेल्या पीटला हवा लागत नाही, म्हणून 2011मध्ये ती उघडली तेव्हा दहन केलेल्या अस्थींसोबत अस्वलाचं कातडं, विणलेली टोपली, दोनशेच्या वर मणी आणि खाजकुइलीसारख्या आग्या नेटल झाडाच्या धाग्याचं कापडही टिकलेलं होतं. लाकडी कर्णफुलं तर लेथवर फिरवल्यासारखी गुळगुळीत आहेत. त्या टेकडीवर जायचं असेल तर लष्करी गोळीबाराच्या वेळा आधी तपासा, तो भाग ओकहॅम्प्टनच्या सराव क्षेत्रात येतो.

मेरिव्हेललाच एक गोलाकार दगड गवतात आडवा पडलेला दिसतो. अनेकजण त्याला थडग्याचं झाकण समजतात. तो सफरचंदं चिरडायचा दगड आहे, अलीकडच्या काळात घडवलेला आणि तसाच टाकून दिलेला.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ती लोहयुगातली, म्हणजे यांच्यापेक्षा बरीच नंतरची.