पाड्यावर प्रथमोपचार शिकवताना

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर शिकवायला आम्ही होळीनंतर जातो. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं तेव्हा परतलेली असतात आणि पाऊस, म्हणजे साप, अजून लांब असतो. वर्ग सकाळी ७ ला. २५ पेक्षा जास्त माणसं घेतली की मागचे नुसते बघत बसतात. पावरी या इथल्या आदिवासी बोलीतून सांगायला गावातलंच कुणीतरी हवं, शक्यतो आशाताई.

निम्मा वेळ सर्पदंशालाच जातो, कारण इथे शिकवण्याआधी विसरायला लावावं लागतं. चिरा देणं, रक्त चोखणं बंद. दोरी आवळणंही बंद: रक्तपुरवठा तुटतो आणि घोणस, फुरसं चावलेलं असेल तर आधीच सुजलेला भाग सडू शकतो. मात्र कुणी आधीच घट्ट आवळली असेल, तर वाटेत सोडायची नाही; अडलेलं विष एकदम अंगात पसरतं. ती डॉक्टरांसमोरच सुटावी.

करायचं ते असं. चांदीची कडी, अंगठ्या सूज चढण्याआधी काढा. बांबूच्या दोन कामट्या फडक्यात गुंडाळून पायाच्या दोन्ही बाजूंना लावा, गुडघा आणि घोटा दोन्ही हलणार नाहीत एवढ्या लांब. गाठीखाली एक बोट सरकलं पाहिजे. चावल्याची वेळ पेनाने हातावर लिहा. माणसाला चालवू नका. मण्यार रात्री झोपेत चावते, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात. खूण शोधत बसू नका, निघा.

बडव्याला, म्हणजे मंत्राने उपचार करणाऱ्या गावच्या मांत्रिकाला, टाळून काही होत नाही. त्याला पहिल्या रांगेत बसवतो. मंत्र वाटेतही म्हणता येतो.

माणसाला झोळीतून नेलं, तर मान वाकून श्वास अडतो. म्हणून गुंगी आलेला किंवा ओकणारा माणूस उलट्या बाजेवर, डाव्या कुशीवर. चढ-उतार कुठलाही असो, डोकं टेकडीच्या वरच्या बाजूला. १०८ ला फोन कुठून लागतो ती जागा आधीच ठरवतो.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, शिकवायचा पुतळा डोंगरात नेत नाही. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली चिंध्यांच्या गोणीत घालतो. दाब ५ ते ६ सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२०. कोपर वाकतं, आणि दाबल्यावर छाती पुरती वर येऊ देत नाहीत, या दोन चुका सगळीकडे.

महिन्याने परत जाऊन न सांगता करून दाखवायला लावतो. कामट्या ठीक असतात. गाठ मात्र पुन्हा दोरीसारखी आवळलेली सापडते.