खिरेश्वर ते हरिश्चंद्रगड: धुक्यात वाट हरवली तेव्हा फोन कसा वापरला

हरिश्चंद्रगडावर जायची सगळ्यात सोपी वाट पाचनईची. आम्हाला मात्र तोलारखिंडीतूनच चढायचं होतं. माळशेज घाट चढून गेलं की महामार्गावर खुबी फाटा लागतो आणि तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेने पाचेक किलोमीटरवर खिरेश्वर. गावातल्या एका घरी चहा-पोहे झाले. निघताना मावशींच्या मुलाने आमचा नंबर घेतला, स्वतःचा दिला आणि "वर पोचलात की एक मिस कॉल द्या" म्हणाला. पुढे हाच नंबर सगळ्यात उपयोगी पडला.

खिंडीपर्यंत झाडीतली चढण आहे. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, ते बघून पुढे रेलिंग लावलेला कातळटप्पा चढायचा. तो पावसात निसरडा होतो, पण चुकण्यासारखं तिथे काही नाही. खरी परीक्षा पठारावर. नावाला पठार, प्रत्यक्षात एकामागून एक टेकाडं, मधे ओढे आणि डोक्यावर जाणारी कारवी. प्रत्येक टेकाड मागच्यासारखंच दिसतं, त्यात गुरांच्या वाटा चांगल्या मळलेल्या, त्यामुळे त्याच खऱ्या वाटतात. उघडीप असेल तर बालेकिल्ल्याचा डोंगर समोर ठेवून चालता येतं. आम्ही वर आलो आणि धुकं असं उतरलं की दहा पावलांवरची पाठपिशवी दिसेना. दगडांवर रंगवलेले बाण संपले. पाऊस आडवा लागला होता. शाळकरी भाचा सोबत होता आणि त्याचे दात वाजायला लागले होते.

आम्ही थांबलो. या गडाच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत आणि धुक्यात कड दिसते ती पाय टेकल्यावरच, म्हणून वाट शोधत फिरण्यापेक्षा उजेड असताना मदत मागायची असं ठरलं. भाच्याला कोरडा शर्ट घातला, सगळे एका प्लास्टिकखाली बसलो आणि मग फोन काढले.

रेंज नव्हती, पण रेंज नसली तरी जीपीएस चालतं. ते उपग्रहाकडून येतं, टॉवरकडून नाही, आणि बहुतेक फोनमध्ये विमान मोडवरही चालू राहतं. फक्त नेटवर्क नसताना जागा पकडायला वेळ लागतो, त्यामुळे फोन मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं स्थिर धरावा लागतो. कड्याच्या पायथ्याशी किंवा दाट झाडाखाली जागा चुकीची दाखवू शकते. गुगल मॅप्सवर आपण उभे आहोत त्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून ठेवलं की अक्षांश-रेखांश येतात. आयफोनच्या होकायंत्रातही खाली दिसतात, पण ते अंश-मिनिट-सेकंदात असतात आणि गफलत इथेच होते. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर साधारण १९.३९ अंशांवर आहे. हेच कोणी "एकोणीस अंश एकोणचाळीस मिनिटं" असं ऐकलं, तर शोधणारे जवळजवळ २९ किलोमीटर उत्तरेला जातील. आकडे सांगताना "दशांश चिन्ह" हा शब्द उच्चारा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. दशांशानंतर चार आकडे पुरतात, तेवढ्याने दहा-बारा मीटरपर्यंतची जागा कळते.

एकच फोन चालू ठेवला, बाकीचे बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत. रेंज नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो, थंडीने ती आणखी उतरते. त्यामुळे चालू फोनही विमान मोडवर आणि शर्टाच्या आतल्या खिशात. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, म्हणून पिशवीत एक कोरडा रुमाल ठेवायचाच.

आम्हा दोघांना जवळच्या टेकाडावर, बाकीच्यांच्या हाकेच्या अंतरात, रेंजच्या एक-दोन काड्या मिळाल्या. कॉल लागून तुटत होता. अशा वेळी एसएमएस जातो, कारण त्याला क्षणभराची रेंज पुरते. लाइव्ह लोकेशनला डेटा लागतो, त्याच्या नादात वेळ घालवू नका. एसएमएस रोमन लिपीत लिहा: देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. आम्ही लिहिलं ते एवढंच: गडाचं नाव, तोलारखिंडीकडून वर आलोय, आकडे, किती जण, जखमी कोणी नाही, थंडी वाजतेय, इथेच थांबतोय, बॅटरी किती. तो संदेश पुण्यातल्या मित्राला, ज्याच्याकडे आमचा सगळा बेत होता, आणि मावशींच्या मुलाला पाठवला.

मग ११२, म्हणजे आपत्कालीन मदतीचा नंबर. तुमच्या कंपनीची रेंज नसेल आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल, तर हा नंबर त्यावरूनही लागू शकतो, म्हणून काड्या नाहीत म्हणून प्रयत्न सोडू नका. फोन उचलणारी व्यक्ती तुमच्या तालुक्यातली नसते; हे फोन घेणारी राज्याची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. "आम्ही हरिश्चंद्रगडावर आहोत" एवढ्याने भागत नाही. गड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, खिरेश्वर पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात आणि कड्याखाली ठाणे जिल्हा. कड्याकडच्या बाजूला फोन खालचा टॉवर धरू शकतो, तेव्हा जिल्हा, तालुका, पायथ्याचं गाव आणि कुठल्या वाटेने चढलो हे आपणच स्पष्ट सांगायचं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि जागा सोडू नका म्हणून बजावलं.

थोड्या वेळाने मावशींच्या मुलाचा फोन आला. आकडे पुण्याच्या मित्राने नकाशावर बघून त्याला समजावले होते, पण त्याचे प्रश्न वेगळे होते. "रेलिंगनंतर वढं किती वलांडलं? शेवटच्या वढ्याला पाणी कुठल्या हाताला जात हुतं? कारवी संपली का मधीच हाये?" आम्ही उत्तरं दिली तसा तो म्हणाला, "कळलं. तिथंच बसा, हलू नका. शिट्टी हाये का?" होती. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून कान द्यायचे. डोंगरातली मदतीची ही खूण जगभर चालते. टॉर्चचा झोतही तसाच मारतात.

अंधार पडता पडता आमच्या शिट्टीला खालून हाक आली. तो आणि गावातले आणखी दोघे काठ्या आणि घोंगड्या घेऊन आले होते. भाच्याला आधी घोंगडी, मग गूळ. मळलेली वाट फार लांब नव्हती, पण मधे एक ओढा फुगला होता आणि तो कुठून ओलांडायचा हे त्यांनाच ठाऊक होतं. सह्याद्रीत हरवलेल्यांपर्यंत बहुतेक वेळा आधी पोचतात ती अशी गावातली पोरं. ती आपलं काम सोडून, जीव धोक्यात घालून येतात. त्यांना मान द्या, आणि त्यांचा दिवस मोडला आहे याची जाणीव ठेवून पैसेही द्या.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पायथ्याच्या घरातला नंबर घेतल्याशिवाय चढू नका, आणि तो कागदावरही लिहून ठेवा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे. त्याची हेल्पलाइन घरूनच शोधून सेव्ह करा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि पठारावर पोचल्या पोचल्या, हरवायच्या आधीच, एकदा जागा नोंदवा. परदेशातून सुट्टीला येणाऱ्या आपल्या माणसांना मुद्दाम सांगा: उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत, विमानतळावरच अडवलं जातं.

आणि सापडल्यावर ज्यांना ज्यांना कळवलं होतं, त्या प्रत्येकाला लगेच कळवा, ११२ ला सुद्धा. नाहीतर कोणीतरी दुसऱ्या बाजूने, पाचनईकडून, रात्रीच्या पावसात तुम्हाला शोधायला चढत असेल.