खजरान्याचं उलटं स्वस्तिक

"गे असल्याचं उघड सांगता आणि बुधवारी खजरान्याच्या रांगेतही दिसता. जमतं कसं हे?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. रामबागेतल्या मावश्या-काकवा आडून विचारतात, गे मित्र तोंडावर. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

इंदूरबाहेरच्यांसाठी आधी रीत सांगायला हवी. खजराना गणपतीला नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे देवाच्या पाठीशी, उलटं स्वस्तिक काढतात. इच्छा पुरी झाली की परत येऊन सरळ काढायचं. एकोणिसाव्या वर्षी मीही काढलं. शेजारी आई होती. तिला वाटलं, परीक्षेसाठी असेल. मी मागितलं होतं, 'मला सरळ कर.' सरळला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक होतं. ही कोटी देवाला कळेल अशीही एक वेडी आशा होती. बोटाचा शेंदूर पँटला पुसला, तो डाग काही गेला नाही.

नवस फळला नाही. मग मी ग्रंथ उघडले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग केल्यास प्रायश्चित्त काय, तर सचैल स्नान. अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ! बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या बाईशी संग करणाऱ्या द्विजालाही त्याच श्लोकात तेवढंच. मी एकटाच खो खो हसलो. इंग्रजांच्या १८६०च्या दंडविधानातलं कलम ३७७ थेट जन्मठेपेपर्यंत जायचं. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ला काढून टाकलं. म्हणजे मनू त्यामानाने दयाळूच. पण बायकांबद्दल, शूद्रांबद्दल तोच मनू जे म्हणतो ते गिळून आपल्या सोयीचा श्लोक तेवढा उचलायचा, हे पटेना. ग्रंथ मिटला.

अडलं भलतीकडेच. आमच्याकडे रोज सकाळी अथर्वशीर्ष असतं. त्यात सुरुवातीलाच येतं, 'ऋतं वच्मि, सत्यं वच्मि': यथार्थ बोलतो, खरं बोलतो. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं, बहुतेकदा मनात दुधाचा हिशोब चालू असताना. एका रविवारी देवासला मुलगी बघायला गेलो होतो. पोह्यांची बशी हातात देताना तिने हळूच विचारलं, "तुमच्या मनात दुसरं कोणी नाही ना?" मी म्हटलं, "छे!"

सोमवारी 'सत्यं वच्मि'पाशी जीभ अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच. पुरुष आवडतात म्हणून मी इतकी वर्षं देवाची माफी मागत आलो होतो. त्या 'छे'ची मागायला हवी हे पहिल्यांदा तेव्हा सुचलं. तिच्याशी खोटं बोलून आलेलो मी देवासमोर 'खरं बोलतो' म्हणत बसलो होतो.

दुपारी देवासला फोन करून नकार कळवला, दोष माझ्याकडे घेतला. खरं कारण तिला सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही, ते अजून बोचतं. संध्याकाळी मात्र आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे तो नवस परीक्षेचा नव्हता तर."

तेव्हा, जमतं कसं? तर अथर्वशीर्ष म्हणताना आता अडखळत नाही, एवढंच. बाकीच्या शंका आहेत तशाच आहेत.

पुढच्या बुधवारी आईबरोबर खजरान्याला गेलो. माझं स्वस्तिक कुठलं ते कळणं शक्यच नव्हतं; वर किती जणांचा शेंदूर चढला असेल!

"फेडायचा का रे तो?" आईने विचारलं.

"फेडू काय? फळलाय कुठे?"

ती जरा थांबली. मग शेंदरात बोट बुडवून तिने स्वतःच एक उलटं स्वस्तिक काढलं. काय मागितलंस, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.