टच प्रोब, कूलर आणि अलार्म ५

घरच्या ३०१८ सीएनसी राऊटरवर, म्हणजे संगणकावरून चालणाऱ्या छोट्या कोरकामाच्या मशीनवर, मी सागवानी लाकडाच्या नावपाट्या कोरतो. आधी झेडचा (उंचीचा) शून्य बिटखाली कागद सरकवून लावायचो. चौकोनी खोबणीला ते चालून जातं, पण टोकाकडे निमुळत्या व्ही-बिटला नाही. ६० अंशांचा बिट ०.१ मिमी जास्त खोल गेला तर रेघ ०.११५ मिमीनं रुंदावते, आणि बारीक देवनागरीत वेलांटी शेजारच्या कान्याला जाऊन चिकटते. म्हणून टच प्लेट मागवली: एक वायर धातूच्या प्लेटला, दुसरी क्लिपनं बिटला; बिट प्लेटला टेकला की सर्किट पूर्ण होतं आणि मशीन थांबून उंची धरतं. यालाच प्रोब करणं म्हणतात.

पहिल्याच प्रोबला बिट प्लेटवर टेकला आणि थांबायचं सोडून तिला दाबत खाली निघाला. रीसेटवर हात होता म्हणून बिट वाचला. तिथून पुढे ठरवलं, मशीन हलवून प्रोब तपासायचा नाही. झेड वर घ्यायचा, क्लिप बिटला लावायची, प्लेट हातात धरून बिटला टेकवायची आणि कन्सोलवर नुसतं प्रश्नचिन्ह पाठवायचं. जीआरबीएल १.१ (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) जे स्टेटस परत देतं त्यात संपर्क झाला असेल तर 'पीएन'पुढे 'पी' हे अक्षर दिसतं. माझ्याकडे ते येत नव्हतं. मात्र क्लिप थेट प्लेटच्या वायरच्या स्क्रूवर टेकवली की 'पी' हजर. म्हणजे कंट्रोलर ठीक, दोन्ही वायरी ठीक; अडत होतं ते प्लेटच्या पृष्ठभागावर.

मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकं त्या चकचकीत काळ्या ॲल्युमिनियमवर फिरवली. आवाज नाही. अॅनोडाइज केलेली प्लेट! तो थर वीज वाहू देत नाही. दिसायला देखणी, कामाला शून्य. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं मधला भाग पांढरा होईस्तोवर घासला आणि जाडी डिजिटल व्हर्नियरनं पुन्हा मोजली, कारण शून्य बसवणाऱ्या जी१० एल२० या आज्ञेत तोच आकडा जातो.

आता प्रोब चालायला लागला, पण दुपारी नाही. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद ठेवून काम करणं कोणाच्या बापाला जमणार? कधी सुरुवातीलाच अलार्म ४ यायचा, म्हणजे प्रोब सुरू व्हायच्या आधीच कंट्रोलरला संपर्क दिसतोय. कधी बिट हवेतच थांबून तिथंच शून्य धरायचा. हे दुसरं जास्त वाईट, कारण अलार्म येत नाही आणि पाटीवर बिट पोचतच नाही.

अशी क्षणभराची खोट प्रश्नचिन्हानं सापडत नाही, ते फक्त त्या घटकेचं चित्र देतं. मग प्लेट काढून ठेवली, बिट पूर्ण वर नेला आणि सापेक्ष मोडमध्ये जी३८.२ झेड-३० एफ५० ही आज्ञा दिली, म्हणजे मिनिटाला ५० मिमीच्या वेगानं ३० मिमी खाली जा, संपर्क झाला तर थांब. खाली लागायला काही नाही. ३६ सेकंदांच्या त्या प्रवासात कूलर चालू-बंद करत राहिलो. शेवटी अलार्म ५ आला, म्हणजे 'संपर्क झालाच नाही', तर आपण पास. मधेच थांबला तर नापास. कूलरचं बटण दाबलं की मशीन हमखास थांबायचं.

कारण साधं होतं, कूलरचा विद्युत गोंगाट प्रोबच्या वायरीत शिरत होता. प्रोबच्या ए५ पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा आतला रेझिस्टर (पुलअप) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच हलका, आणि प्रोबची वायर स्टेपरच्या वायरींसोबत एकाच झिपटायमध्ये बांधलेली. बर्डीच्या बाजारातून शिल्डेड (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) वायर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणला. कपॅसिटर प्रोबच्या दोन पिनांमध्ये, रेझिस्टर सिग्नल आणि ५ व्होल्टमध्ये. शिल्डबद्दल गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्या भाऊंना विचारलं, तर म्हणाले, "जाळी एकाच बाजूनं जोडजो भाऊ, दोन्हीकडून नोको." कंट्रोलरच्या बाजूनं ग्राउंडला जोडली, दुसरं टोक टेप लावून मोकळं ठेवलं. वायर स्टेपरपासून वेगळी, फ्रेमच्या दुसऱ्या बाजूनं नेली.

कपॅसिटरमुळे प्रोब उशिरा कळेल अशी शंका होती. तसं होत नाही. बिट टेकताच तो त्या संपर्कातूनच रिकामा होतो. वेळ लागतो तो पुन्हा भरायला, आणि तोही अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास.

त्यानंतर हवेतली तीच चाचणी कूलर, पाण्याचा पंप आणि वर मिक्सर लावून घेतली. अलार्म ५. मग प्लेटवर एकाच जागी परत परत प्रोब करून कंट्रोलर परत देतो त्या 'पीआरबी'च्या ओळीतले झेडचे आकडे वाचले; फरक शेवटच्या दोन आकड्यांतच राहिला. क्लिप मात्र कोलेट नटवर (बिट आवळून धरणाऱ्या नटवर) न लावता बिटच्या दांड्यावरच लावतो, आणि स्पिंडल सुरू करायच्या आधी काढतो.